दंवाखालचा बर्फ

मार्गशीर्षातल्या पहाटे बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात मसुरीच्या शेताच्या कडेला उभं राहा. पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी दंवानं चिंब झालेली असते. हात फिरवला की तळवा निथळतो. तिला लागून असलेला बांधावरचा काळा दगड मात्र कोरडा. आभाळ तेच, गारवाही तोच. दगडानं दिवसाचं ऊन पोटात साठवलेलं असतं आणि रात्रभर ते तो पुरवून पुरवून सोडतो. पिंजर लगेच गार पडतं.

मंगळावर पाण्याचा बर्फ हुडकताना हाच फरक कामी आला.

तिथलं दंव पाण्याचं नसतं. मंगळाची हवा जवळपास 95 टक्के कार्बन डायऑक्साइडची. हिवाळ्यात पारा उणे 125 अंशांच्या आसपास उतरला, की ही हवाच गोठून जमिनीवर बसते आणि खालचं सगळं झाकून टाकते.

2001 मध्ये निघालेल्या मार्स ओडिसी यानाला हेच आवरण आडवं आलं. हे यान न्यूट्रॉन, म्हणजे अणूच्या गाभ्यातले कण, मोजत होतं. विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या, माऱ्यानं मातीतून न्यूट्रॉन उडतात. गोटी मोठ्या धोंड्यावर आपटली तर वेगानं परत उसळते. तेवढ्याच गोटीवर आपटली तर जागीच थबकते. हायड्रोजनचा अणू न्यूट्रॉनच्याच वजनाचा, म्हणून जिथं हायड्रोजन आहे तिथं वेगवान न्यूट्रॉन कमी येतात. पाण्यात हायड्रोजन असतो, कार्बन डायऑक्साइडमध्ये नसतो. 2002 मध्ये दक्षिणेकडे हायड्रोजन भरपूर दिसला, कारण तिथं उन्हाळा होता. उत्तर तेव्हा झाकलेली होती. ते आवरण उडून गेल्यावर तिथं दक्षिणेपेक्षाही जास्त हायड्रोजन निघाला.

मला मात्र दुसरी युक्ती जास्त भावते, कारण तिच्यात दंवच साक्षीदार होतं. मंगळाची कोरडी माती पिंजरासारखी. तिच्याखाली घट्ट बर्फ असेल, तर तो बांधावरच्या दगडासारखा वागतो: उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो आणि हिवाळ्यात वर सोडतो. मग त्या जागी कार्बन डायऑक्साइडचं दंव उशिरा धरतं, कमी धरतं, कधी धरतच नाही. दक्षिण गोलार्धात ध्रुवाकडे तोंड केलेल्या, सावलीतल्या काही उतारांवर दंव असायला हवं होतं, पण ते दिसेना. त्यावरून 2010 मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला, की तिथं मीटरभराच्या आतच बर्फ आहे, तोही पार 25 अंश अक्षांशापर्यंत. आपलं बेळगाव जवळपास 16 अंशांवर आहे, म्हणजे हे काही ध्रुवाजवळचं ठिकाण नव्हे.

प्रत्यक्ष खोदून पाहिलं ते फीनिक्स यानानं. 25 मे 2008 रोजी ते उत्तरेला 68 अंशांवर उतरलं. जूनमध्ये त्यानं मारलेल्या चरात फाशांएवढे पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत ते नाहीसे झाले. मीठ असतं तर तसंच राहिलं असतं. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ त्या उबेत एक दिवसही टिकला नसता. ते पाणीच होतं, गोठलेलं.

नोव्हेंबर 2008 मध्ये फीनिक्सचा आवाज बंद झाला. पुढचा हिवाळा सरल्यावर वरून काढलेल्या फोटोत त्याची सावली बदललेली दिसली: गोठलेल्या हवेच्या ओझ्याखाली त्याचं सौरपंख मोडलं असावं.