जस्टिस हायस्कूल, फेअरफॅक्स काउंटी

जस्टिस हायस्कूल ही अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या फेअरफॅक्स काउंटीमधली (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) नववी ते बारावीची सार्वजनिक शाळा आहे. वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला, पोटोमॅक नदीपलीकडच्या जुन्या उपनगरी पट्ट्यात, पीस व्हॅली लेन या रस्त्यावर ती आहे. टपालाचा पत्ता फॉल्स चर्चचा असला तरी फॉल्स चर्च हे वेगळे स्वतंत्र शहर असून त्याची शाळाही वेगळी आहे. १९५९ साली ही शाळा ‘जे.ई.बी. स्टुअर्ट हायस्कूल’ या नावाने सुरू झाली आणि २०१८ मध्ये तिचे नाव बदलले. दोन गोष्टींसाठी ती ओळखली जाते. एक म्हणजे जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी, आणि दुसरी नामांतराचा वाद. या दोन गोष्टी सहसा सुट्या सांगितल्या जातात. पण पहिली नसती तर दुसरी इतकी पेटली नसती.

स्थापना आणि जुने नाव

दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारची खाती वाढली, पेंटॅगॉन या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाची प्रचंड इमारत आधीच उभी राहिली होती, आणि तिथे काम करणारी कुटुंबे घरे शोधत नदीच्या या बाजूला आली. १९५० साली फेअरफॅक्सची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती; १९६० पर्यंत ती २ लाख ७५ हजारांवर गेली. दुभत्या गाईंच्या कुरणांवर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि काउंटीला शाळांमागून शाळा बांधाव्या लागल्या. ही त्यांपैकीच एक.

नावाची गोष्ट मात्र इतकी साधी नव्हती. जेम्स युएल ब्राउन स्टुअर्ट (१८३३–१८६४) हा अमेरिकी यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील कॉन्फेडरेट राज्यांच्या घोडदळाचा सेनानी. १८६१ साली शाळेपासून जवळच असलेल्या मन्सन टेकडीवर त्याचे ठाणे होते. कॉन्फेडरेट सैन्याने टेकडी सोडली तेव्हा उत्तरेच्या सैनिकांना तिथे तोफांऐवजी रंगवलेले लाकडी ओंडके सापडले, ही हकिगत युद्धाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. स्थानिक इतिहासाशी नाते आहे म्हणून नाव दिले, असे पुढे समर्थक सांगत. नाते खोटे नव्हते. पण यादवी युद्ध संपून जवळजवळ शंभर वर्षे झाल्यावर, नेमके १९५९ सालीच ते कुणाला का आठवावे, याचे उत्तर टेकडीवर सापडत नाही.

ते त्या वेळच्या राजकारणात आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सार्वजनिक शाळा ठेवणे घटनाबाह्य ठरवले. व्हर्जिनियातील सत्ताधाऱ्यांनी सिनेटर हॅरी बर्ड यांच्या पुढाकाराने याला ‘मॅसिव्ह रेझिस्टन्स’, म्हणजे सर्वंकष प्रतिकार, पुकारला. १९५६ मध्ये यासाठी कायदेच झाले, आणि १९५८ च्या शरदात नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतील काही शाळांना काळी मुले घेण्यापेक्षा टाळे ठोकण्यात आले. जानेवारी १९५९ मध्ये न्यायालयांनी हे कायदे रद्द केले. त्याच वर्षी सुरू झालेल्या शाळेला कॉन्फेडरेट सेनानीचे नाव देणे हा इशाराच होता, असे नामांतराच्या बाजूचे लोक मानत आले. काळाची ही जुळणी पाहता त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे.

फेअरफॅक्समध्ये काळ्या मुलांसाठी स्वतःचे हायस्कूल १९५४ पर्यंत नव्हतेच. सातवीपुढे शिकायचे तर मनॅसस किंवा वॉशिंग्टन गाठावे लागे. १९५४ मध्ये ल्यूथर जॅक्सन हायस्कूल सुरू झाले. ‘ब्राउन’ निकालानंतर काउंटीने दरवर्षी एकेक इयत्ता खुली करण्याची संथ योजना आणली. पालक न्यायालयात गेले आणि १९६० मध्ये ती योजना टिकली नाही. तरी वेगळ्या शाळांची व्यवस्था पूर्ण मोडीत निघायला १९६० च्या दशकाचा मध्य उजाडला. सुरुवातीची वर्षे स्टुअर्ट हायस्कूल ही जवळजवळ संपूर्ण गोऱ्या मध्यमवर्गाची शाळा होती. तिच्या खेळाडूंना ‘रेडर्स’ (छापा घालणारे) म्हणत, आणि बोधचिन्हात घोडेस्वाराच्या हाती कॉन्फेडरेट झेंडा असे. झेंडा पुढे गेला, घोडेस्वार बराच काळ राहिला.

विद्यार्थी कुठून आले

शाळेत विविधता यावी म्हणून कुणी योजना आखली नाही. ती आली घरभाड्यामुळे. शाळेच्या हद्दीत एकीकडे लेक बारक्रॉफ्ट आहे. अलेक्झांड्रिया शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी १९१५ साली धरण बांधून केलेला हा तलाव युद्धानंतर बिल्डरांकडे गेला आणि त्याच्या काठी श्रीमंतांचे बंगले झाले. दुसरीकडे लीसबर्ग पाइक या हमरस्त्यालगत कलमोर आणि बेलीज क्रॉसरोड्स ही वस्ती आहे. तिथे दुमजाली-तिमजाली विटांच्या भाड्याच्या इमारती आहेत. बांधल्या तेव्हा त्यांत सरकारी कारकून आणि सैनिकांची कुटुंबे राहत. इमारती जुन्या झाल्या, भाडी इतर भागांच्या मानाने कमी राहिली, बस दारात होती. नवख्या माणसाला पहिले बिऱ्हाड थाटायला आणखी काय लागते?

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली आणि आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतून येण्याचा रस्ता रुंद झाला. पण या भागात माणसे लोंढ्याने आली ती युद्धांमुळे. एप्रिल १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव पडल्यावर व्हिएतनामी निर्वासित उत्तर व्हर्जिनियात आले. शेजारच्या आर्लिंग्टनमधील क्लॅरेंडन भागात त्यांची दुकाने होती. मेट्रो रेल्वे आली, भाडी चढली, आणि ती दुकाने सेव्हन कॉर्नर्सच्या ईडन सेंटरमध्ये सरकली. शाळेपासून जवळच असलेले ते संकुल आज अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील व्हिएतनामी समाजाचे सर्वांत मोठे व्यापारी केंद्र मानले जाते. १९७९ नंतर अफगाण आले. १९८० ते १९९२ या काळात एल साल्वाडोरमध्ये यादवी चालली होती, तेव्हा साल्वाडोरी कुटुंबांनी कलमोर भरले. ग्वाटेमाला, होंडुरास आणि बोलिव्हियाची माणसे पाठोपाठ आली. इथिओपिया, सोमालिया, पाकिस्तान, मोरोक्को, इराक या देशांची मुले त्यानंतरच्या वर्षांत वर्गात दिसू लागली. कोणत्या वर्षी कोणत्या देशात काय बिघडले, हे शाळेच्या नव्या प्रवेशांवरून ओळखता यावे, अशी परिस्थिती होती. भारतीय कुटुंबांचा ओढा मात्र काउंटीच्या पश्चिमेकडील हर्नडन, शँटिली भागाकडे राहिला.

सप्टेंबर २००१ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने बदलत्या अमेरिकेचे उदाहरण म्हणून याच शाळेवर लेख केला. तेव्हा निम्म्याच्या आसपास विद्यार्थी अमेरिकेबाहेर जन्मलेले होते आणि त्यांच्या देशांची संख्या ७० च्या घरात होती. सध्या लॅटिनो विद्यार्थ्यांचा गट सर्वांत मोठा आहे. गोरे, आशियाई आणि काळे विद्यार्थी त्याखालोखाल आहेत. निम्म्याहून अधिक मुले मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र ठरतात. अमेरिकेत शाळेतील गरिबी मोजण्याचे हेच सर्वांत प्रचलित माप आहे.

वर्गातील व्यवस्था

अमेरिकेत सार्वजनिक शाळा मालमत्ता करावर मोठ्या प्रमाणात चालते, त्यामुळे श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब, असा प्रकार सर्रास दिसतो. फेअरफॅक्समध्ये सबंध काउंटीचा एकच शाळा-जिल्हा आहे. त्यात सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी आहेत आणि पैसा एकाच तिजोरीतून येतो. म्हणून कलमोरच्या मुलाला शिक्षक, प्रयोगशाळा आणि मैदान बऱ्यापैकी मिळते. वाद होतो तो हद्दीवरून: कोणती गल्ली कोणत्या शाळेला जोडायची. घराची किंमत त्यावर ठरते, त्यामुळे या विषयावरच्या सभांना पालकांची गर्दी हमखास होते.

दारात आलेल्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. ‘प्लायलर विरुद्ध डो’ या १९८२ च्या निकालानुसार देशात राहण्याची कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळेत घ्यावेच लागते. ‘लाउ विरुद्ध निकल्स’ या १९७४ च्या निकालाने इंग्रजी न येणाऱ्या मुलांना नुसते वर्गात बसवून ठेवणे पुरेसे नाही, हेही ठरवले. त्यातून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे स्वतंत्र वर्ग आले. फेअरफॅक्समध्ये त्यांना ‘ईसॉल’ म्हणतात.

कठीण प्रश्न उभा राहतो तो सोळा-सतराव्या वर्षी येणाऱ्या मुलांचा. एखाद्या मुलाची मायदेशी चार वर्षे शाळा बुडालेली असते, संध्याकाळी त्याला हॉटेलात भांडी घासायची असतात, आणि पदवीसाठी मात्र इतरांइतकेच क्रेडिट आणि राज्याच्या ‘स्टँडर्ड्स ऑफ लर्निंग’ परीक्षा लागतात. बारा वर्षांचे झाल्यावर व्हर्जिनियातील शाळेत प्रथमच दाखल झालेल्या, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांना बाविसाव्या वर्षापर्यंत शिकवण्याची मुभा राज्याचा कायदा शाळा मंडळांना देतो. ती कागदावर उदार वाटते. पण पोटाला कमवावे लागणारा विद्यार्थी इतकी वर्षे थांबत नाही.

त्याच इमारतीत १९९० च्या दशकापासून इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमही चालतो. तो गुणवान मोजक्यांपुरता न ठेवता ज्याला झेपेल त्याला घेऊ द्यायचा, असे धोरण शाळेने ठेवले. १९९७ ते २००६ या काळात मुख्याध्यापक असलेल्या मेल रिडिल यांनी वाचनावर भर दिला. नववीत येणाऱ्या अनेकांचे वाचन इयत्तेच्या बरेच मागे असे. म्हणून आधी वाचनचाचणी, मग वाचनाचे वेगळे तास, असा क्रम लावण्यात आला. सकाळी सतत उशीर करणाऱ्यांच्या घरी यंत्राद्वारे फोन करून त्यांना उठवण्याचा उपायही त्यांच्याच काळातला. २००६ साली रिडिल यांची राष्ट्रीय पातळीवर वर्षातील सर्वोत्कृष्ट मुख्याध्यापक म्हणून निवड झाली.

एवढे असूनही एका छपराखाली असणे आणि एका बाकावर असणे यांत फरक राहिला. आयबीच्या वरच्या वर्गांत तलावाकाठची मुले आणि ईसॉलमध्ये कलमोरची, अशी विभागणी पूर्णपणे मोडणे कोणत्याही बहुसांस्कृतिक अमेरिकी शाळेला फारसे जमलेले नाही. ही शाळाही त्याला अपवाद नाही. शाळेच्या कौतुकाच्या लेखांतून हा भाग सहसा गळतो.

नामांतर

१७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे एका गोऱ्या वर्चस्ववाद्याने काळ्यांच्या चर्चमध्ये नऊ जणांना ठार मारले. त्यानंतर कॉन्फेडरेट झेंडे आणि नावे हटवण्याची मागणी देशभर उठली. शाळेतील विद्यार्थी हा विषय आधीपासून मांडत होते. आता अभिनेत्री जुलियन मूर आणि चित्रपट-निर्माते ब्रूस कोहेन या दोन माजी विद्यार्थ्यांनी जाहीर अर्ज काढला, त्यावर ३५ हजारांहून अधिक सह्या झाल्या. विरोधही जोरदार होता. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने स्टुअर्ट म्हणजे सेनानी नव्हताच, त्यांच्या तारुण्याचा पत्ता होता. गणवेश, पाट्या, मैदान यांवर काही लाख डॉलर घालण्यापेक्षा ते शिकवण्यावर खर्च करा, असाही मुद्दा निघाला. कार्यगट नेमला गेला, पण त्याचे एकमत झाले नाही.

२७ जुलै २०१७ रोजी शाळा मंडळाने नाव बदलण्याचा ठराव केला. पुढच्याच महिन्यात शार्लट्सव्हिलला वर्चस्ववाद्यांचा मोर्चा आणि हिंसाचार झाला. सप्टेंबरात नव्या नावासाठी परिसरातील लोकांचे मत घेतले, तेव्हा सेनानीची आद्याक्षरे गाळून नुसते ‘स्टुअर्ट’ ठेवावे, हा पर्याय सर्वांत पुढे आला. मंडळाने तो बाजूला ठेवला आणि ऑक्टोबरात ‘जस्टिस’ हे नाव निवडले. थर्गुड मार्शल, बार्बरा रोझ जॉन्स आणि कर्नल लुईस मेंडेझ यांच्यासह न्यायासाठी झटलेल्या सर्वांच्या सन्मानार्थ ते आहे. मार्शल यांनी ‘ब्राउन’ खटला लढवला आणि पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झाले. त्यांचे घर लेक बारक्रॉफ्टलाच होते. मेंडेझ हे महायुद्धात नॉर्मंडीत उतरलेले छत्रीधारी सैन्याचे अधिकारी, आणि याच परिसराचे रहिवासी.

तिघांत कमी परिचित, पण शाळेला सर्वांत जवळचे नाव जॉन्स यांचे. १९५१ साली प्रिन्स एडवर्ड काउंटीतील मोटन हायस्कूलमध्ये जागा पुरेना म्हणून मुलांना डांबरी कागदाने मढवलेल्या खोपटांत बसवत. सोळा वर्षांच्या बार्बराने २३ एप्रिलला सभागृहात मुलांना एकत्र केले आणि संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला खटला ‘ब्राउन’मध्ये सामील झालेल्या पाच खटल्यांपैकी एक. त्या काउंटीने निकाल मानण्याऐवजी १९५९ साली सगळ्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या आणि त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. म्हणजे स्टुअर्ट हायस्कूल ज्या वर्षी उघडले, त्याच वर्षी बार्बराच्या गावच्या शाळांना कुलूप लागले.

२०१८–१९ या शैक्षणिक वर्षापासून नवे नाव वापरात आले आणि ‘रेडर्स’चे ‘वुल्व्हज’ (लांडगे) झाले. काउंटीतील, कॉन्फेडरेट सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या नावाचे हायस्कूलही २०२० मध्ये नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मात्र सगळीकडे वारा एकाच दिशेने वाहिला असे नाही. याच राज्यातील शेनंडोआ काउंटीने २०२० मध्ये उतरवलेली कॉन्फेडरेट नावे २०२४ मध्ये दोन शाळांना परत दिली.

फेअरफॅक्समध्ये तो विषय आता मागे पडला आहे. विद्यार्थी वाढल्याने इमारतीला जोडबांधकाम करण्याचे ठरले तेव्हा वाद झाला तो गाड्या लावण्याच्या जागेवरून. त्यासाठी शेजारच्या उद्यानाचा तुकडा घ्यायला रहिवाशांनी हरकत घेतली. ते उद्यानही पूर्वी स्टुअर्टच्याच नावाचे होते.