होम थिएटरच्या कपाटाला टिंटेड काच लावताना

टीव्ही युनिटचं काम शेवटाला आलं, सुताराने शटरची मापं दिली, की बरीच मंडळी आमच्या दुकानात येऊन थेट विचारतात, "काळी काच कितीला पडेल?" दर आम्ही सांगतोच. पण त्याआधी आमचे तीन प्रश्न असतात: सेट-टॉप बॉक्सचा रिमोट कसा आहे, ॲम्प्लिफायर कुठल्या कप्प्यात बसणार आहे आणि सोफा कपाटापासून किती फुटांवर आहे? कोणती काच घ्यायची, हे या उत्तरांवरून ठरतं. दुकानात गर्दी असली की सगळं नीट समजावून सांगता येत नाही, म्हणून हे लिहून काढलं आहे.

काळ्या काचेतून किती दिसतं

टिंटेड काचेला वरून रंग दिलेला नसतो. काच वितळलेली असतानाच रंग तिच्यात मिसळतात, त्यामुळे तो कधी निघत नाही की खरवडला जात नाही. काळी काच म्हणून मागतात ती बहुधा ग्रे असते. नेहमीच्या ५ मिमी ग्रे काचेतून साधारण निम्मा उजेड पलीकडे जातो. आता कपाटाच्या आतल्या वस्तूंचा विचार करा. खोलीतला उजेड काचेतून आत जाताना निम्मा होतो आणि वस्तूवर पडून परत बाहेर येताना पुन्हा निम्मा होतो. म्हणजे वायरींचा गुंता, मोडेम, धूळ बसलेला जुना डीव्हीडी प्लेअर हे सगळं आपल्याला पाव उजेडातच दिसतं. ॲम्प्लिफायरच्या डिस्प्लेचा उजेड मात्र काचेतून एकदाच येतो, म्हणून आवाजाचा आकडा सोफ्यावरून वाचता येतो. ग्रे काचेचा खरा उपयोग हा आहे. रात्री दिवे घालवून सिनेमा बघताना डोळ्यांत खुपणारे निळे एलईडीही तिच्यामुळे सौम्य होतात.

मात्र कपाटाच्या आत एलईडी पट्टी लावायची असेल, तर टिंटेड काचेवर पैसे घालू नका. आतून उजेड पडला की काळी काच काहीच झाकत नाही.

ब्राँझ, म्हणजे तपकिरी छटेची काच सागवानी रंगाच्या लॅमिनेटवर शोभते, पण तिच्यातून डिस्प्लेचे निळे-हिरवे आकडे मळकट दिसतात. आमचा कौल ग्रेला.

रिमोट चालला पाहिजे

बहुतेक सेट-टॉप बॉक्स आणि ॲम्प्लिफायर यांचे रिमोट इन्फ्रारेड किरणांवर चालतात. त्यांची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर असते आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे काच किती काळी दिसते यावरून रिमोट चालेल की नाही, हे सांगता येत नाही. तुमच्या बॉक्सच्या समोरच्या बाजूला, सेन्सरच्या पुढे, गडद प्लॅस्टिकची छोटी खिडकी असते ती बघा. दिसायला ती जवळजवळ काळी, तरी रिमोटचे किरण तिच्यातून आरामात जातात.

खरी अडचण करते ती हिरव्या किंवा निळसर छटेची, ऊन अडवणारी काच. तिच्यात लोहाचं प्रमाण जास्त असतं आणि हे लोह नेमके याच भागातले किरण शोषून घेतं. खिडकीला जो गुण हवा, तोच कपाटाला नडतो. आरशासारखी चमकणारी रिफ्लेक्टिव्ह काच बरेचसे किरण उलटे परतवते. लॅकर ग्लासच्या मागे रंगाचा थर असतो, त्यामुळे तिच्यामागे ठेवलेला बॉक्स रिमोटला दाद देत नाही असंच धरून चाला. साध्या काचेवर काळी फिल्म लावायची असेल, तर फिल्म कोणती यावर सगळं अवलंबून आहे. उष्णता अडवणारी सन फिल्म इथे नको.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत कोथरूडच्या एका घरी ग्रेचा माल संपला म्हणून आम्ही गडद हिरवी काच बसवली. दिसायला सुंदर झाली होती. महिन्याभराने दुसऱ्या कामासाठी त्याच सोसायटीत गेलो, तेव्हा सहज डोकावलो. शटरच्या फटीत वर्तमानपत्राची घडी खोचून ते उघडं ठेवलेलं होतं. घरातले आजोबा प्रत्येक चॅनेलला उठून दार उघडत होते, शेवटी कंटाळून त्यांनी घडी लावली. त्यांनी तक्रार केली नव्हती, याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं. काच आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून नमुना घरी तपासल्याशिवाय आम्ही ऑर्डर घेत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. आमच्याकडून फूटभर काचेचा तुकडा घेऊन जा आणि बॉक्सच्या पुढ्यात उभा धरा. रोज बसता त्याच जागेवरून रिमोट दाबा, मग सोफ्याच्या दोन्ही टोकांवरून दाबा, कारण तिरप्या कोनातून किरण कमी पोहोचतात. सेलही जुनेच राहू द्या, नव्या सेलवर सगळंच चालतं. रिमोटच्या टोकाकडे मोबाईलचा कॅमेरा धरून बटण दाबलं, तर बऱ्याच फोनमध्ये, विशेषतः सेल्फी कॅमेऱ्यात, जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मध्ये काच धरून तो किती मंदावतो, हेही बघता येतं.

ब्लूटूथवर चालणाऱ्या रिमोटला यातली कुठलीच अडचण नाही. आणि आवडलेली काच किरण अडवणारीच असेल, तर आयआर (इन्फ्रारेड) रिपीटर लावता येतो: एक छोटा डोळा बाहेर चिकटवायचा आणि त्याची वायर आतल्या बॉक्सच्या सेन्सरवर नेऊन लावायची.

ॲम्प्लिफायरला श्वास घेऊ द्या

दिसण्याच्या नादात हवेचा विचार मागे पडतो, आणि आमच्या मते सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. ॲम्प्लिफायर वरच्या जाळीतून उष्णता टाकतो. चारही बाजूंनी प्लाय आणि पुढे घट्ट बसलेली काच असली की तीच गरम हवा पुन्हा त्याच्यात खेचली जाते. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, उष्णतेनेच म्हातारे होतात. ढोबळ हिशोब असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं.

म्हणून सुताराला आधीच सांगा. खाली समोरून हवा आत यायला दोन बोटं फट आणि मागच्या फळीला वरच्या अंगाला मोठी खिडकी हवी. वर किती मोकळी जागा सोडायची, ते यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेवढी सोडाच. सेट-टॉप बॉक्स ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. कप्पा अगदीच बंदिस्त असेल, तर मागे १२० मिमीचा कमी आवाजाचा पंखा बसवा.

सेंटर स्पीकर आणि सबवूफर काचेमागे अजिबात ठेवू नका. आवाज दबतो आणि काच थरथरते.

टफन काच आणि मापं

कपाटाच्या दाराला आम्ही टफनच काच देतो. ६०० अंशांहून जास्त तापवून वाऱ्याच्या झोताने झटकन थंड केलेली ही काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट असते. फुटलीच तर तिचे सुरे होत नाहीत, बारीक दाणे होतात. लहान मुलांच्या घरात हा फरक मोलाचा आहे. मात्र टफन झाल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप एक सूत चुकलं, तरी नवी काच करावी लागते. म्हणून लॅमिनेट चिकटल्यानंतरच माप घ्यायचं, उंची-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजायची आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं.

६०० बाय ४५० मिमीच्या ५ मिमी काचेचं वजन साधारण ३.४ किलो भरतं. दोन चांगल्या बिजागऱ्या पुरतात. अलिबाग, रत्नागिरीकडच्या घरांसाठी बिजागरी स्टेनलेस स्टीलचीच घ्या, खाऱ्या हवेत बाकीच्या गंजतात. शटर जिथे टेकतं तिथे सिलिकॉनच्या टिकल्या लावून घ्या, नाहीतर मारामारीच्या प्रत्येक प्रसंगाला दार खडखडेल.

काळ्या काचेवर बोटांचे ठसे चटकन उठतात. फवारा कापडावर मारून पुसा, थेट काचेवर मारला तर पाणी फटीतून आत यंत्रांवर जातं.

काच बसवायला आमची माणसं येतील त्या दिवशी सगळी यंत्रं जोडून, चालू ठेवा. दारं लावून झाली की आमचा माणूस तुमच्या सोफ्यावर बसून घरातला एकेक रिमोट चालवून बघेल. सगळे चालले, तरच बिल होईल.