सोडून जाणारा आणि सोडायला लावणारा

जून २०२५ मध्ये एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, अंतिम मालिका ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स यांच्यात झाली. सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली आणि थंडर जिंकले. या दोन्ही संघांच्या उभारणीत ज्याचा मोठा वाटा, तो माणूस मात्र दोन्हीकडे नव्हता. तो फिलाडेल्फियाचा पगार घेत होता. त्याचं नाव पॉल जॉर्ज.

२०१७ मध्ये त्यानं इंडियानाला कळवलं की पुढच्या वर्षी करार संपला की मी थांबणार नाही. इंडियानानं लगोलग त्याला ओक्लाहोमाला देऊन टाकलं आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमँटास सबोनिस घेतले. २०२२ मध्ये सबोनिस सॅक्रमेंटोला गेला आणि त्याच्या बदल्यात टायरीस हॅलिबर्टन आला. इंडियानाला अंतिम मालिकेपर्यंत नेलं ते या हॅलिबर्टननं. इकडे २०१९ मध्ये जॉर्जनं ओक्लाहोमाकडेही हेच मागितलं, मला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे पाठवा. ओक्लाहोमानं पाठवलं, पण वसुली अशी केली की विचारू नका. शाय गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच ड्राफ्ट पिक (पिक म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत आपला खेळाडू निवडायची पाळी), वर दोन पिकांच्या अदलाबदलीचे हक्क. शाय २०२५ मध्ये लीगचा आणि अंतिम मालिकेचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या पाचांपैकी एका पिकावर घेतलेल्या जेलन विल्यम्सनं अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले.

आता तिसरा संघ. २०२४ च्या उन्हाळ्यात जॉर्जनं क्लिपर्स सोडले. या वेळी त्यानं कुणाकडे काही मागितलं नाही. करारातलं शेवटचं वर्ष खेळायचं की नाही हे ठरवायचा हक्क त्याच्याकडे होता; तो वापरून तो मोकळा झाला आणि चार वर्षांसाठी फिलाडेल्फियाला गेला. क्लिपर्स चौथं वर्ष द्यायला तयार नव्हते. त्यांच्या हाती बदल्यात एकही खेळाडू आला नाही, एकही पिक नाही.

बातमीत या तिन्ही प्रसंगांचा मथळा साधारण एकच असतो, ‘स्टारनं संघ सोडला’. त्याखाली निष्ठा, गद्दारी, ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ वगैरे. पण इथं दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात.

पहिली फ्री एजन्सी. करार संपला, खेळाडू मोकळा, हवं तिथं सही करायला मुखत्यार. जुन्या संघाला थोडा वरचष्मा असतो. तो पाच वर्षांचा करार देऊ शकतो, इतरांना चारच वर्षांचा देता येतो. वार्षिक वाढही तो ८ टक्क्यांपर्यंत देतो, इतर ५ टक्क्यांपर्यंतच. म्हणजे मोकळा होऊन जाणारा बहुधा स्वतःच्या खिशाला खार लावून जातो. आणि हा हक्क कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना ऑस्कर रॉबर्टसननं १९७० मध्ये लीगला कोर्टात खेचलं, तडजोड व्हायला १९७६ उजाडलं, आणि कोणत्याही अटीशिवाय संघ बदलणारा पहिला खेळाडू, टॉम चेंबर्स, सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला तो १९८८ मध्ये. त्याआधी करार संपला तरी खेळाडू त्याच दावणीला असे.

दुसरी गोष्ट म्हणजे करार चालू असताना ट्रेड मागणं. ट्रेड म्हणजे काय हे आयपीएलमुळे आपल्याला नव्यानं सांगायला नको, पण तिथं एक फरक आहे. आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. एनबीएत काही मोजके अपवाद सोडले तर खेळाडूला विचारायचं कारणच नसतं. त्याचा करार आहे तसा उचलून दुसऱ्या संघाकडे जातो, पगार तोच, मुदत तीच. दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पगारांचं गणित नियमात बसवावं लागतं, म्हणून अशा व्यवहारांत ज्यांचा भांडणाशी काडीचा संबंध नाही असे दोन-चार खेळाडूही गाठोड्यात बांधले जातात.

आणि मागणी हा हक्क नव्हे. संघ ‘नाही’ म्हणू शकतो. कोबी ब्रायंटनं २००७ मध्ये उघडपणे ट्रेड मागितला होता, त्याच्या संघानं, लेकर्सनी, दिला नाही, पुढे त्यानं तिथंच २००९ आणि २०१० ची विजेतेपदं जिंकली. आज वीस वर्षं एकाच संघात राहिलेला निष्ठावंत म्हणून त्याचंच नाव सगळ्यांत आधी घेतलं जातं. मागणी जाहीरपणे करणं तर नियमाविरुद्धच आहे. अँथनी डेव्हिसच्या एजंटनं जानेवारी २०१९ मध्ये ‘आम्हाला न्यू ऑर्लिन्समधून बाहेर पडायचंय’ असं जाहीर केलं आणि लीगनं डेव्हिसला ५० हजार डॉलरचा दंड ठोठावला. त्याच्या पगाराच्या मानानं ही रक्कम म्हणजे चहापाणी. हंगामाच्या शेवटच्या सामन्याला तो ‘दॅट्स ऑल, फोक्स’ लिहिलेला टी-शर्ट घालून आला, कार्टून संपताना पडद्यावर येतं तेच वाक्य. उन्हाळ्यात तो लेकर्सकडे गेला आणि २०२० मध्ये विजेता झाला.

मग हक्क नसताना मागणीत एवढी ताकद येते कुठून? बहुतेक वेळा ती फ्री एजन्सीकडूनच उसनी घेतलेली असते. ‘आज मला विकलं नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात मी फुकट जाईन’ हा त्यातला न बोललेला अर्धा भाग. जॉर्जनं २०१७ मध्ये इंडियानाला हा अर्धा भागच बोलून दाखवला होता. माझ्या मते ती गद्दारी तर नाहीच, उलट सभ्यपणा आहे. तो गप्प बसला असता तर इंडियानाला ना ओलाडिपो मिळाला असता, ना सबोनिस, ना हॅलिबर्टन. सात वर्षं ज्या संघात काढली, २०१४ मध्ये पाय मोडला तेव्हा जो संघ पाठीशी उभा राहिला, त्याला त्यानं वेळेवर सावध केलं. इंडियानापोलिसच्या प्रेक्षकांनी त्याला त्यानंतर मनसोक्त हुर्यो दिली, तो भाग वेगळा.

खटकते ती दुसऱ्या जातीची मागणी. शाई वाळायच्या आत केलेली. २०१८ मध्ये जॉर्जनं ओक्लाहोमाशी चार वर्षांचा, १३ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला, मी इथंच राहणार असं भर पार्टीत जाहीर केलं आणि वर्षभरात ट्रेड मागितला. केव्हिन ड्युरांटनं ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रुकलिनशी चार वर्षांची मुदतवाढ घेतली आणि ती लागू होण्याच्या तोंडावर, जून २०२२ मध्ये, म्हणाला की मला जाऊ द्या. इथं खेळाडूनं दोन्ही डगरींवर पाय ठेवलेला असतो. दीर्घ कराराची सुरक्षितता खिशात आणि मोकळ्या माणसाचं स्वातंत्र्यही हवं. निष्ठा वगैरे मोठे शब्द बाजूला ठेवले तरी दिलेला शब्द म्हणून काही असतं, आणि तो इथं मोडतो.

पण गंमत पुढेच आहे. करार जितका लांब, तितकी ही मागणी मनाला खटकणारी, आणि नेमकी तितकीच संघाच्या पथ्यावर पडणारी. कारण घेणाऱ्याला खेळाडू वर्षभरासाठी नाही, तीन-चार वर्षांसाठी मिळत असतो. त्यामुळे तो किंमतही तशीच मोजतो. ओक्लाहोमाला पाच पिक आणि शाय मिळाला तो जॉर्जनं करार नुकताच केला होता म्हणूनच. (शिवाय जॉर्ज आला तरच आपण क्लिपर्सकडे येणार अशी त्या उन्हाळ्यात मोकळ्या झालेल्या स्टार कवाय लेनर्डची अट होती, तेव्हा क्लिपर्सचे हातही दगडाखाली होते.) ड्युरांटच्या बदल्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रुकलिनला फीनिक्सकडून मिकाल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीचे चार पिक मिळाले, तेही त्याच कारणानं.

याच ड्युरांटला २०१६ मध्ये शोधा. तेव्हा तो ओक्लाहोमात होता, करार संपलेला, कायद्यानं आणि शब्दानं पूर्ण मोकळा. ४ जुलैला त्यानं जाहीर केलं की मी गोल्डन स्टेटकडे चाललो. काही आठवड्यांपूर्वी याच गोल्डन स्टेटविरुद्ध ओक्लाहोमानं ३-१ ची आघाडी घालवून मालिका गमावली होती, त्यामुळे जखम ओली होती. त्याचा जोडीदार रसेल वेस्टब्रुकनं त्या दिवशी इन्स्टाग्रामवर काही न लिहिता कपकेकचा फोटो टाकला. त्या संघात मऊ पडणाऱ्याला ‘कपकेक’ म्हणायची जुनी रीत होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये ड्युरांट पाहुणा म्हणून परतला तेव्हा प्रेक्षकांत कपकेकचे टी-शर्ट होतेच, काही जण कपकेकचा पोशाखच चढवून आले होते. ड्युरांटनं एकही शब्द मोडला नव्हता. संघाला मात्र बदल्यात काहीच मिळालं नाही. जॉर्जनं शब्द मोडला आणि संघाला विजेतेपदाचा पाया घालून दिला. एकच शहर, तीन वर्षांच्या अंतरानं. राग कुणावर जास्त, हे त्या शहरात विचारायची गरज नाही.

याच शहराला दुसरंही एक प्रश्नचिन्ह लावायला हवं. हा संघ २००८ पर्यंत सिअ‍ॅटलचा होता, सुपरसॉनिक्स नावाचा, ४१ हंगाम तिथं खेळलेला. मालकानं तो उचलून ओक्लाहोमात आणला. ड्युरांटनं पहिला हंगाम सिअ‍ॅटलमध्येच काढला होता. त्याला गद्दार म्हणणाऱ्यांना संघ मिळाला होता तोच मुळी दुसऱ्यांचा.

प्रेक्षक करारपत्र वाचून रागावत नाहीत हे खरं. कवाय लेनर्डनं वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी साधारण तेरा महिन्यांत केल्या. २०१८ मध्ये सॅन अँटोनियोकडे ट्रेड मागितला आणि टोरंटोला गेला. २०१९ मध्ये टोरंटोला त्यांचं पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि लगेच करार संपवून क्लिपर्सकडे गेला, टोरंटोच्या हाती भोपळा. त्या डिसेंबरमध्ये तो विजेतेपदाची अंगठी घ्यायला टोरंटोत आला तर सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. सॅन अँटोनियोत मात्र पाच वर्षांनीही हुर्यो थांबली नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो फ्री थ्रो घेत असताना सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी चालू सामन्यात माइक हातात घेतला आणि स्वतःच्याच प्रेक्षकांना खडसावलं की हे थांबवा, हे आपल्याला शोभत नाही. त्यावर हुर्यो आणखी वाढली.

लेनर्डच्या त्या ट्रेडमध्ये ज्याची आहुती पडली तो डमार डरोझन. नऊ हंगाम टोरंटोत, मला इथंच राहायचंय असं सांगणारा, आणि गेला सॅन अँटोनियोला. या खेळात निष्ठा नसते, असं त्यानं त्या दिवशी लिहिलं. संघांच्या बाजूचं असं एकच उदाहरण द्यायचं तर मी ब्लेक ग्रिफिनचं देईन. जुलै २०१७ मध्ये तो फ्री एजंट होता. क्लिपर्सनी त्याला मनवण्यासाठी रिकाम्या स्टेडियममध्ये त्याची जर्सी छताला चढवण्याचा लुटुपुटूचा सोहळा केला, तू आयुष्यभर आमचाच म्हणून. तो भुलला, पाच वर्षांची सही केली. जानेवारी २०१८ च्या अखेरीस त्याला डेट्रॉइटला देऊन टाकलं. पुढच्या वर्षी तो लॉस एंजेलिसला खेळायला आला तेव्हा मालक स्टीव्ह बाल्मर हात पुढे करून उभे होते, ग्रिफिन त्यांच्या बाजूनं धावत आत निघून गेला आणि मग ४४ गुण करून परतला.

संघानं चालू करारात खेळाडू विकला की त्याला ‘धंदा’ म्हणतात, खेळाडूनं चालू करारात विक्री मागितली की ‘बेइमानी’. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसनं लुका डॉन्चिचला मध्यरात्री लेकर्सला दिलं, त्यानं काहीही मागितलेलं नसताना. आठ महिन्यांपूर्वी तो संघाला अंतिम मालिकेत घेऊन गेला होता. ट्रेड झाल्यामुळे डॅलसकडून मिळू शकणाऱ्या सर्वांत मोठ्या, सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरच्या कराराची पात्रताही त्यानं गमावली, कारण तो करार मूळ संघच देऊ शकतो. या एका बाबतीत चाहत्यांनी प्रथमच बहुधा बाजू उलटी घेतली. स्टेडियमबाहेर निदर्शनं झाली, आत ‘फायर निको’च्या घोषणा सुरू राहिल्या, आणि नोव्हेंबरमध्ये सरव्यवस्थापक निको हॅरिसन यांची नोकरी गेली.

या सगळ्यातून शहाणपण घेतलेला एक खेळाडू मला दिसतो, डेमियन लिलर्ड. अकरा हंगाम पोर्टलंडमध्ये, निष्ठेचं चालतंबोलतं उदाहरण. २०२२ मध्ये त्यानं मुदतवाढ घेतली आणि २०२३ मध्ये ट्रेड मागितला, तोही फक्त मायामीला. मागणी हा हक्क नसल्यामुळे पोर्टलंडनं त्याला मिलवॉकीला पाठवलं. एप्रिल २०२५ मध्ये घोट्यामागचा स्नायुबंध तुटला, मिलवॉकीनं करार गुंडाळला आणि तो मोकळा झाला. जुलैत तो पोर्टलंडलाच परतला, तीन वर्षं, ४ कोटी २० लाख डॉलर. त्याच्या जुन्या पगाराच्या मानानं ही रक्कम किरकोळ आहे. पण आठ वर्षं लीगमध्ये आणि त्यातली किमान चार त्याच संघात काढलेल्यालाच जे कलम मागता येतं, ते त्यानं या वेळी करारात घालून घेतलं. त्याच्या होकाराशिवाय आता पोर्टलंडला त्याचा ट्रेड करता येणार नाही.