देवाची ओळख आणि देवाविषयीची माहिती (ख्रिस्ती धर्म)

देवाविषयी पुष्कळ ठाऊक असणे आणि देवाला ओळखणे या दोन गोष्टी ख्रिस्ती धर्मात वेगळ्या मानल्या जातात. पहिलीत पवित्र शास्त्रातील वचने, मतांगीकार (श्रद्धेची ठरलेली घोषणा), दहा आज्ञा, मंडळीचा म्हणजे चर्चचा इतिहास आणि उपासनेचे विधी हे सारे येते. ते शिकवता येते, पाठ करता येते, त्याची परीक्षाही घेता येते. दुसरीत माणूस येशू ख्रिस्ताच्या द्वारे देवाशी बोलू लागतो, आपले पाप त्याच्यापुढे कबूल करतो, त्याच्यावर भरवसा टाकतो आणि त्याचे ऐकून वागू लागतो. सोलापूरच्या मराठी मंडळ्यांत पाळकांच्या उपदेशात, घरोघरच्या प्रार्थना सभांत आणि साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्या जीवनात काय केले हे सांगताना, हा भेद सतत बोलला जातो. ज्यांच्या घरात ख्रिस्ती श्रद्धा कित्येक पिढ्या चालत आली आहे, त्यांना तो विशेष लागू पडतो.

भेदाचे मूळ बायबलमध्येच आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात एली याजकाच्या दोन मुलांची, हफनी आणि फिनहास यांची गोष्ट येते. शिलो येथील पवित्र स्थानी ते याजकपण करीत. यज्ञाचे सगळे नियम त्यांना ठाऊक होते. तरी लोकांनी आणलेल्या अर्पणातले मांस ते दांडगाईने घेत. त्यांच्याविषयी शास्त्र एका वाक्यात सांगते की, ते परमेश्वराला ओळखत नव्हते. पुढच्याच अध्यायात बाळ शमुवेलाविषयीही असेच विधान आहे. तो कराराच्या कोशाजवळ, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पवित्र पेटीजवळ झोपत होता, मंदिराची सेवा करीत होता, आणि तरीही त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती. दोघांना एकच वाक्य लागू होते, पण दोषाचा सूर फक्त एलीच्या मुलांच्या बाबतीत आहे. शमुवेलाला रात्री नाव घेऊन हाक येते, आणि ती कोणाची हे म्हाताऱ्या एलीला त्याला सांगावे लागते. मंडळीत वाढलेल्या मुलांविषयी बोलताना या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. ओळख नसणे हा प्रत्येक वेळी ढोंगीपणा नसतो; कधी हाक अजून ऐकू आलेली नसते इतकेच.

नव्या करारात येशूचे शब्द अधिक कठोर आहेत. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणारे, त्याच्या नावाने संदेश देणारे आणि अद्भुते करणारे पुष्कळ जण शेवटच्या दिवशी पुढे येतील, आणि तो त्यांना सांगेल, ‘मला तुमची कधीच ओळख नव्हती’ (मत्तय ७). निकदेम हा इस्राएलाचा गुरू. त्यालाच नव्याने जन्मण्याची गोष्ट समजावून सांगावी लागते (योहान ३). नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब लिहितो की, देव एकच आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात, मरणाच्या आदल्या रात्री केलेल्या प्रार्थनेत, येशू सार्वकालिक जीवनाची व्याख्याच अशी करतो: एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्या येशू ख्रिस्ताला ओळखणे. होशेय संदेष्टा या नात्यासाठी विवाहाची भाषा वापरतो. परमेश्वर आपल्या प्रजेला वाग्दान करतो आणि म्हणतो, मग तू मला ओळखशील. स्थळाची माहिती बायोडेटा वाचून मिळते, पण माणूस कळतो तो संसार सुरू झाल्यावर. होशेयाचा रोख त्याच दिशेने आहे.

यावरून धर्मज्ञान निरुपयोगी ठरते असे मात्र नाही, आणि असे शिकवणारे उपदेशक मंडळीचे नुकसान करतात. त्याच होशेयाच्या ग्रंथात ‘ज्ञानाच्या अभावी माझे लोक नाश पावतात’ असा आकांत आहे. प्रेषित पौल आपल्या यहूदी बांधवांच्या आस्थेची साक्ष देतो आणि लगेच म्हणतो की, ती यथार्थ ज्ञानाला धरून नाही. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट ईश्वरविद्येने विश्वासाचे तीन घटक सांगितले: माहिती, तिला दिलेली मान्यता आणि भरवसा. पहिले दोन असून तिसरा नसू शकतो. पण पहिल्याशिवाय तिसरा कोणावर ठेवायचा हेच कळणार नाही.

चर्चच्या इतिहासात हा प्रश्न बहुधा विद्वानांनाच छळत आलेला दिसतो. मध्ययुगीन ईश्वरविद्यापंडित थॉमस अक्वायनस याने १२७३ च्या डिसेंबरात एका उपासनेनंतर लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेले सारे आता गवताच्या काडीसारखे वाटते, असे तो म्हणाल्याचे त्याच्या सोबत्याने सांगितले. गणिती पास्काल याने २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव एका कागदावर टिपून अंगरख्यात शिवून ठेवला होता. त्यात तत्त्वज्ञांचा नव्हे, तर अब्राहाम, इसहाक व याकोब यांचा देव असे शब्द आहेत. मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली दीक्षित धर्मगुरू होऊन अमेरिकेत गेला असताना १७३६ मध्ये मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या एका पाळकाने त्याला विचारले, ‘तू येशू ख्रिस्ताला ओळखतोस का?’ तो जगाचा तारणारा आहे हे मला ठाऊक आहे, असे वेस्लीने उत्तर दिले. ‘खरे, पण त्याने तुला तारले आहे हे ठाऊक आहे का?’ या पुढच्या प्रश्नाला त्याने मला तारण्यासाठी प्राण दिला अशी आशा आहे, एवढेच तो म्हणाला. ‘तुला स्वतःला ठाऊक आहे का?’ असे विचारल्यावर तो हो म्हणाला खरा, पण ते शब्द पोकळ होते अशी धास्ती त्याने रोजनिशीत नोंदवली आहे. त्याला निश्चिती लाभली ती २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये.

महाराष्ट्रात या विषयावरची सर्वांत मोलाची साक्ष पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२) आहे. संस्कृत विद्वत्तेसाठी कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत स्पष्ट लिहून ठेवले. इतके शिकलेल्या, आधीच बाप्तिस्मा झालेल्या आणि जगभर नाव झालेल्या बाईने असे उघड लिहिण्यात मोठे धैर्य होते. पुढे त्यांनी विद्या टाकून दिली नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सामान्य बायांना समजेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवले, आणि ते त्यांनीच केडगाव येथे उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले. दुष्काळात निराधार झालेल्या स्त्रिया आणि मुली तिथे आसऱ्याला आल्या होत्या. हे केडगाव सोलापूर–पुणे लोहमार्गावर, दौंड तालुक्यात आहे.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त असावेत, ही त्यांची कल्पना होती.

सोलापुरात टिळकांचे हे म्हणणे सहज उमगते. पंढरपूर याच जिल्ह्यात, आणि चोखोबांचे मंगळवेढेही. ज्यांना देवळाच्या आत पाऊल टाकू दिले नाही त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी आहे, हे इथल्या मुलालाही माहीत असते. सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांच्या वचनपरंपरेतही अनुभवाला मोठे स्थान आहे. त्यामुळे कोरड्या पांडित्यावरची टीका इथल्या श्रोत्याला परकी वाटत नाही. ख्रिस्ती शिकवणीचा वेगळेपणा दुसरीकडे आहे: ओळखीची सुरुवात माणसाच्या शोधाने होत नाही, देव आधी येतो आणि तो ख्रिस्तात येतो. गलतीकरांना लिहिताना पौल ‘तुम्ही देवाला ओळखता’ असे म्हणून स्वतःलाच दुरुस्त करतो, ‘किंबहुना देवाने तुम्हाला ओळखले आहे’.

शहरातील जुन्या प्रोटेस्टंट मंडळीमागे अमेरिकन मराठी मिशनचे काम आहे. या मिशनची पाळेमुळे न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये होती, आणि तिथे सतराव्या शतकात पूर्ण सभासद होण्यासाठी स्वतःच्या अंतःकरणात देवाने काय केले हे मंडळीपुढे सांगावे लागे. साक्ष देण्याचा आजचा रिवाज त्या परंपरेशीही जुळतो. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या या शहरात साक्ष घरच्या भाषेत निघते, तेव्हा ती पाठांतराची राहत नाही. मात्र साक्षीचाही साचा होऊ शकतो. अमक्या तारखेला रडू आले, अंगावर शहारे आले, एवढ्यावरून ओळख झाली असे धरणे हे वचन पाठ आहे म्हणून ओळख झाली असे धरण्याइतकेच चूक आहे. यिर्मया संदेष्टा याहून खडतर कसोटी लावतो. योशीया राजाने दीनदुबळ्यांना न्याय दिला. ‘मला ओळखणे ते हेच ना?’ असे परमेश्वर विचारतो (यिर्मया २२). ज्यांना प्रार्थनेत महिनोन्महिने काहीच जाणवत नाही त्यांच्यासाठी ८८ वे स्तोत्र आहे. त्यात दिलासा जवळजवळ नाही, पण गाणारा देवाशी बोलणे सोडत नाही.

ओळख केव्हा झाली म्हणायची, यावर मंडळ्यांत एकमत नाही. कॅथलिक आणि बालकांना बाप्तिस्मा देणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत नाते बाप्तिस्म्यापासून धरले जाते, आणि दृढीकरणाच्या वेळी मूल त्याला स्वतःच्या तोंडाने दुजोरा देते. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत आधी स्वतःचा विश्वास, मग पाण्यातला बाप्तिस्मा. ऑर्थोडॉक्स परंपरा देवाचे सत्त्व कायम अगम्य मानते आणि तरी त्याच्या कृपेत खरोखर सहभागी होता येते असे शिकवते. प्रभुभोजनाआधी प्रत्येकाने आत्मपरीक्षण करावे ही पौलाची सूचना (१ करिंथ ११) बहुतेक परंपरांना मान्य आहे, आणि दृढीकरणाच्या तयारीतल्या मुलांना पाळक प्रश्नोत्तरीबरोबर तीही शिकवतात.