रेसिंग ड्रोन आणि खोटा जीपीएस : पार्श्वभूमी

जून 2012 मध्ये अमेरिकेतल्या व्हाइट सँड्स इथे टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज यांच्या चमूने अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरावरून एका छोट्या हेलिकॉप्टर ड्रोनला खोटा जीपीएस सिग्नल पाठवला. ड्रोन एका जागी तरंगत होता. आपण वर सरकतोय असा त्याचा समज झाला आणि तो झपाट्याने खाली येऊ लागला. शेवटी पायलटने नियंत्रण हातात घेतलं म्हणून तो वाचला.

दुखणं मात्र जुनं. उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवर, त्यामुळे खाली पोचणारा सिग्नल अगदी क्षीण. नागरी सिग्नलची रचना जाहीर आहे आणि तो खरा की बनावट, हे सांगणारी खूण त्यात नाही. अमेरिकेच्या व्होल्पे या वाहतूक संशोधन केंद्राने 2001 मध्येच तसा इशारा दिला होता. तरी खोटा सिग्नल तयार करणं बरीच वर्षं प्रयोगशाळेपुरतंच राहिलं. मग सॉफ्टवेअर रेडिओ, म्हणजे संगणकाच्या मदतीने हवा तो सिग्नल बनवणारी उपकरणं, स्वस्त झाले, आणि 2015 च्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत चिनी संशोधकांनी तो घरच्या घरी कसा बनवता येतो तेच दाखवलं.

रेसिंगवाल्यांना याची फारशी झळ बसली नाही. 2016 च्या दुबईतल्या वर्ल्ड ड्रोन प्री या शर्यतीच्या काळापासून पाहा : पायलट ड्रोनच्या कॅमेऱ्याचं दृश्य गॉगलमध्ये बघून रिमोटच्या स्टिकवर उडवतो, ड्रोनला सावरतो तो जायरो, म्हणजे त्याचं फिरणं मोजणारा संवेदक. जीपीएस मागच्या दाराने आलं, ‘जीपीएस रेस्क्यू’मधून. रिमोटशी रेडिओ संपर्क तुटला की बीटाफ्लाइट हे ड्रोनवरचं नियंत्रण सॉफ्टवेअर जीपीएसच्या आधारे त्याला परत आणतं, आणि नेमक्या त्या वेळी पायलटच्या हातात काही नसतं. त्यातल्या ‘सॅनिटी चेक’ची मदत होते, पण ती तपासणी बिघाड ओळखण्यासाठी आहे, हळूहळू सरकवलेला खोटा सिग्नल तिला सहज चकवू शकतो. माझ्या मते जायरो, हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर आणि जीपीएस यांचा ताळमेळ सतत तपासणं हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

युरोपच्या गॅलिलिओ या जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणेने जुलै 2025 मध्ये संदेशावर डिजिटल स्वाक्षरीची सेवा अधिकृतपणे सुरू केली. खरा सिग्नल पकडून थोड्या उशिराने पुन्हा सोडला, तर ती स्वाक्षरीही एकटी पुरत नाही.

झुरिक विद्यापीठाच्या ‘स्विफ्ट’ने वेगळी वाट धरली. मानवी विजेत्यांना हरवणारा हा स्वयंचलित ड्रोन 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. त्याच्याकडे कॅमेरा होता, गतिसंवेदक होते, जीपीएस नव्हतंच.