पेरूच्या झाडाला सेलेनियम घालायच्या मेसेजबद्दल

आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय की फळझाडाला सेलेनियमचं (शरीराला अगदी किंचित लागणारं एक खनिज) पाणी घाला, जितकं जास्त तितकं चांगलं, फळ खाल्लं की कॅन्सर होत नाही. दांडिया बाजारातल्या काकांनी तर परसातल्या पेरूसाठी पावडरची डबी आणून ठेवलीये, म्हणून काळजीने लिहितेय.

यात खरं एवढंच की फवारणीने फळातलं सेलेनियम वाढतं. सफरचंद, पीचवर असे प्रयोग झालेत. झाडाला स्वतःला ते लागत नाही, पण सेलेनेट, म्हणजे सेलेनियमचं पाण्यात विरघळणारं रूप, दिसतं झाडाला लागणाऱ्या गंधकाच्या सल्फेटसारखं, त्यामुळे मुळं त्याच वाटेने ते आत घेतात. फिनलंडने 1980च्या दशकात खतातच सेलेनियम मिसळलं, पण तिथल्या मातीत ते खरंच कमी होतं आणि सगळं मोजून मापून केलं!

आपल्याला दिवसाला साधारण 40 ते 55 मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे ग्रॅमचा दहा हजारावा भागही नाही, मग डबीतली चमचाभर पावडर किती होते बघा. जास्त झालं की केस गळतात, नखं तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. पंजाबात होशियारपूर-नवांशहरकडे काही गावांच्या मातीतच ते जास्त आहे, तिथे गुरांचे खूर झडलेत.

आणि कॅन्सरचं म्हणाल तर अमेरिकेत 35 हजारांवर पुरुषांना घेऊन मोठी चाचणी झाली, रोज 200 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, प्रोस्टेट कॅन्सर काही टळला नाही, 2008मध्ये गोळ्या थांबवल्या.

काका, ती डबी उघडू नका प्लीज, पेरूला शेणखतच घाला.