जी बी आर-1: शर्यतीचे विमान आणि त्याची आरसी मॉडेल्स

जी बी मॉडेल आर-1 सुपर स्पोर्टस्टर हे 1932 साली अमेरिकेत तयार झालेले, एकट्या वैमानिकासाठीचे शर्यतीचे विमान. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे ग्रॅनव्हिल बंधूंच्या छोट्या कारखान्यात, मंदीच्या ऐन काळात ते बांधले गेले. ‘जी बी’ ही ग्रॅनव्हिल ब्रदर्सची आद्याक्षरे. गोल गरगरीत धड, आखूड पंख, शेपटीला जवळजवळ टेकलेले कॉकपिट आणि लाल-पांढरा रंग यांमुळे ते पाहताक्षणी ओळखू येते. रेडिओ कंट्रोल (आरसी) मॉडेल बनवणाऱ्यांना या विमानाचे आकर्षण आजही आहे.

त्याचा आकार विचित्र वाटतो, पण त्यामागे चोख हिशेब आहे. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे नऊ सिलिंडरचे ‘वास्प’ इंजिन सुमारे 800 अश्वशक्तीचे होते आणि त्याचा व्यास सुमारे 1.3 मीटर होता. एवढे रुंद इंजिन झाकायचे तर नाक रुंद होणारच. अशा वेळी धड लगेच निमुळते करण्याऐवजी इंजिनामागे आणखी थोडे फुगवून मग शेपटीकडे उतरते केले, तर हवेचा रोध कमी होतो, असे ग्रॅनव्हिल मंडळींचे म्हणणे होते. अभियंता हॉवेल मिलर यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वातबोगद्यात नमुन्याची चाचणी घेतली. परिणामी पंखांचा विस्तार 7.62 मीटर, पण लांबी जेमतेम 5.4 मीटर असे हे विमान झाले. जड इंजिनाचा तोल सांभाळण्यासाठी वैमानिक पार मागे बसला. सुरुवातीला उभे शेपूटपाते नावापुरतेच होते. पहिल्या उड्डाणानंतर ते वाढवावे लागले.

नियोजित वैमानिक रसेल बोर्डमन दुसऱ्या विमानाच्या अपघातात जखमी झाल्याने आर-1 जिमी डूलिटल यांच्याकडे आले. क्लीव्हलंडच्या स्पर्धांत त्यांनी त्यातून ताशी सुमारे 476 किमी (296 मैल) वेग गाठून जमिनीवरून (पाण्यावरून नव्हे) उडणाऱ्या विमानांचा जागतिक विक्रम केला, आणि ताशी 252.686 मैल सरासरीने खांबांभोवती फेऱ्या मारण्याच्या शर्यतीची थॉम्पसन ट्रॉफीही जिंकली. डूलिटल हे वैमानिकीतील डॉक्टरेट मिळवलेले अभियंते. शर्यतीआधी त्यांनी पुरेशा उंचीवर जाऊन तीव्र वळणे घेऊन पाहिली, तेव्हा विमान झटक्यात गिरकी खाऊ शकते हे त्यांच्या ध्यानात आले. ही सावधगिरी नसती तर ट्रॉफीची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

पुढे मात्र अपघात झाले. 1933 च्या बेंडिक्स या लांब पल्ल्याच्या शर्यतीत इंडियानापोलिसहून उड्डाण करताना आर-1 कोसळले आणि बोर्डमन दगावले. आर-1 आणि त्याचे जोडविमान आर-2 यांच्या भागांतून नवे विमान बांधण्यात आले. 1935 मध्ये सेसिल अॅलन यांनी त्यात इंधनाची मोठी टाकी बसवली, गुरुत्वमध्य मागे सरकला, आणि उड्डाण करताच झालेल्या अपघातात त्यांचा अंत झाला. यामुळे जी बीला ‘वैमानिकांचा काळ’ अशी ख्याती चिकटली. ती अर्धवट खरी आहे. विमान चुकीला माफ करत नसे. पण अॅलन यांच्या अपघाताचा दोष मूळ आराखड्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. 1991 मध्ये उडालेल्या आर-2 च्या प्रतिकृतीतून डेल्मर बेंजामिन यांनी 2002 पर्यंत हवाई प्रदर्शने केली. जमिनीलगत विमान कुशीवर वळवून ते सरळ नेत असत, आणि त्या अवस्थेत गुबगुबीत धडच बरीचशी उचल देत असे.

मूळ आर-1 आज शिल्लक नाही. कनेक्टिकटमधील न्यू इंग्लंड एअर म्युझियममध्ये त्याची पूर्णाकार प्रतिकृती आहे. मॉडेल बनवणाऱ्यांनाही आराखडे, जुनी छायाचित्रे आणि अशा प्रतिकृतींवरच भिस्त ठेवावी लागते.

चौथाई मापाच्या मॉडेलचे पंख 1.9 मीटरचे होतात. पंखांचे क्षेत्रफळ सोळाव्या हिश्श्यावर येते, तर वजन मापाच्या प्रमाणात (लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौथाई) ठेवायचे तर चौसष्टाव्या. म्हणजे उड्डाणाच्या वेळी सुमारे 1,095 किलो भरणाऱ्या विमानासाठी 17 किलो. एवढ्या वजनाच्या मॉडेलला मूळ विमानाच्या जवळजवळ निम्म्या वेगाने उतरावे लागेल, आणि साध्या मैदानावर तो वेग फार होतो. म्हणून अनुभवी मंडळी बाल्सा हे अतिशय हलके लाकूड आणि पातळ प्लायवूड वापरून प्रत्येक ग्रॅम वाचवतात. गंमत अशी, की एवढे करूनही नाकात शिसे भरावे लागते. मूळ वास्प इंजिन जड होते, मॉडेलचे मोटर किंवा इंजिन त्या मानाने हलके असते, आणि नाक इतके आखूड की तरफेचा फायदा मिळत नाही. सीजी (गुरुत्वमध्य) किंचितही मागे राहिला की मॉडेल एलेव्हेटरला (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या पात्याला) भलतेच संवेदनशील होते. अॅलन यांच्या विमानात बिघडलेला तोल तो हाच.

पंखाचे टोक आधी स्टॉल होऊ (उचल गमावू) नये म्हणून टोकाला थोडा खालचा पीळ देतात. काही जण आडवी शेपटी मापापेक्षा जरा मोठी करतात. मला ही तडजोड मान्य आहे, कारण उडणारे मॉडेल कपाटातल्या मॉडेलपेक्षा या विमानाविषयी जास्त सांगते. स्पर्धेतले पंच मात्र मापातील असा फरक हेरतात. हवेत आणखी एक अडचण येते: लांबी कमी असल्याने दूर गेल्यावर मॉडेल कोणत्या दिशेला तोंड करून आहे हे कळत नाही. त्यामुळे ते जवळच फिरवतात. उड्डाणावेळी थ्रॉटल (इंजिनाची शक्ती) हळूहळू वाढवत उजवा रडर देतात, म्हणजे उभे शेपूटपाते उजवीकडे वळवतात. उतरताना थोडी शक्ती चालू ठेवून पुढची दोन चाके आधी टेकवतात आणि वेग ओसरेपर्यंत शेपूट खाली येऊ देत नाहीत.